कोबी चिरा आणि थोडं थांबा

आज बोलूया कोबी, फ्लॉवर, मुळा, नवलकोल आणि ब्रोकोलीबद्दल. दिसायला वेगवेगळ्या, पण या सगळ्या भाज्या मोहरीच्या कुळातल्या.

यांच्यातून तंतू, फोलेट आणि क जीवनसत्त्व मिळतं. पण यांची खासियत आहे ती ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त द्रव्यं. भाजी चिरली की पेशी फुटतात, मायरोसिनेज हे एन्झाइम त्यांना भेटतं आणि तिखट, उग्र संयुगं तयार होतात. लोणच्यासाठी मोहरी फेसली की नाकात झणका जातो ना? तीच ही क्रिया! ब्रोकोलीत यातूनच सल्फोराफेन बनतं. प्रयोगशाळेत त्याचे परिणाम आशादायक दिसलेत. पण म्हणून "कोबी खा, कॅन्सर टळेल" असं कुणी ठामपणे सांगितलं, तर विश्वास ठेवू नका.

आता स्वयंपाकघरात काय करायचं?

एक, हे एन्झाइम उष्णतेने निकामी होतं. म्हणून भाजी चिरून अर्धा-पाऊण तास ठेवा, मग फोडणीला टाका.

दोन, वेळ नसेल तर शिजलेल्या भाजीवर, गॅस बंद केल्यावर, चिमूटभर कच्च्या मोहरीची पूड घाला. तिच्यात तेच एन्झाइम असतं. तडतडलेल्या मोहरीचा इथे उपयोग नाही. किंवा सोबत मुळ्याची कोशिंबीर करा.

तीन, भरपूर पाण्यात उकडून पाणी ओतून देऊ नका. क जीवनसत्त्व त्यातच जातं. झाकण ठेवून वाफेवर शिजवा. फार वेळ शिजवलं की तो नकोसा वास वाढतो, आणि मुलं नाक मुरडतात ते त्यालाच.

चार, फ्लॉवर मिठाच्या कोमट पाण्यात ठेवायचा तो मोठे तुरे असताना, बारीक चिरल्यावर नव्हे.

आता महत्त्वाचं. घरात कुणी, उदाहरणार्थ हृदयाची झडप बदलल्यानंतर, रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन किंवा असेनोकुमारोल घेत असेल, तर लक्ष द्या. या भाज्यांतलं, विशेषतः हिरव्या पानांतलं के जीवनसत्त्व या औषधांच्या विरुद्ध काम करतं. भाजी सोडायची नाही, पण प्रमाण एकदम वाढवायचं किंवा कमीही करायचं नाही. बदल करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

थायरॉइड आहे? शिजवलेली भाजी नेहमीच्या प्रमाणात बहुतेकांना चालते. कच्च्या रसाचे पेलेच्या पेले मात्र नकोत, आणि गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

पोट फुगत असेल तर थोड्यापासून सुरुवात करा. भेटू पुढच्या भागात!