मुलांनीं चूक दाखविली तर

धुळ्याच्या तुरुंगांत १९३२ सालीं विनोबा भावे यांनीं गीतेवर प्रवचनें दिलीं व सानेगुरुजींनीं तीं उतरून घेतलीं, हें खानदेशांतील वाचकांस सांगावयास नको. या प्रवचनकाराचा एक जुना वाद मात्र त्याच्या मातुःश्रींच्या स्वयंपाकघरांत झाला होता.

भाव्यांच्या घरीं एक गरीब विद्यार्थी राहत असे. आदल्या दिवसाचें अन्न उरलें, तर रुक्मिणीबाई तें स्वतः खात किंवा विन्याला वाढीत; त्या विद्यार्थ्याच्या पानांत नेहमीं ताजें पडे. भेद करूं नये, असा तर त्यांचा नित्याचा उपदेश. विन्यानें एकदां तोच पुढें केला आणि विचारलें, मग हा पंक्तिप्रपंच कां? आईनें डोळे वटारले नाहींत. भेद होतो, हें तिनें सरळ कबूल केलें. परका मुलगा तिला देवस्वरूप भासे, विन्याविषयीं मात्र पुत्र म्हणून आसक्ति होती. तोही देवासारखा दिसूं लागेल तेव्हां हा भेद उरणार नाहीं, असें तिचें उत्तर होतें. कबुलीनें तिचा मान रतिभरही उणावला नाहीं. तिच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनीं, १९३० मध्यें, विनोबांनीं ‘गीताई’ लिहावयास घेतली, ती तिचीच इच्छा स्मरून.

याच्या उलट महाभारताच्या वनपर्वांतील कहोड. अध्ययन नीट होत नाहीं, असें गर्भांतील पुत्र म्हणाला, म्हणून बापानें त्याला आठ ठिकाणीं वांकडें होण्याचा शाप दिला. पुढें वादांत हरून जळांत बुडालेल्या त्याच बापाला सोडविलें कोणीं? त्या अष्टावक्रानेंच!

मीं स्वतः नचिकेत्याची गोष्ट वर्गांत वर्षानुवर्षें मोठ्या प्रेमानें सांगितली. म्हाताऱ्या गाई दान देणाऱ्या पित्याला प्रश्न करणारा तो मुलगा मला फार प्रिय. परंतु गेल्या श्रावणांत जळगांवीं आमच्या घरीं पाहुणे आले असतां नात म्हणाली, “आजोबा, मुलगा-मुलगी समान म्हणतां, मग पानें मांडायला मलाच कां उठवतां? दादाला कां नाहीं?” “उलट बोलूं नये,” हे शब्द माझ्या तोंडून निघून गेले. चारचौघांत चूक निघाली, याचाच राग अधिक होता. रात्रीं झोंप लागेना. उत्तर शोधूं गेलों, तों एकही सांपडेना.

सकाळीं तिला जवळ बोलावून तसें सांगितलें. तेव्हांपासून नातूही पानें मांडतो. चटणी अजून उजवीकडे वाढतो, आणि ती चूकही नातच दाखविते.