साथीचे गणित आणि दारातले पाण्याचे पिंप

पाऊस सुरू झाला की शिरूर-दौंडकडच्या वस्त्यांत तापाचे रुग्ण निघू लागतात. एका गल्लीत डेंग्यूचा एकच रुग्ण सापडतो आणि प्रकरण तिथेच थांबते. पलीकडच्या गल्लीत मात्र दोन महिन्यांत घराघरात ताप शिरतो. डास दोन्हीकडे आहेत, पाणीही दोन्हीकडे साठवूनच ठेवावे लागते. मग फरक कशाने पडतो? कुणी नशीब म्हणते, कुणी नजर लागली म्हणते. शास्त्रज्ञांनी याचे उत्तर गणितात शोधले आहे आणि ते समजायला शाळेतला साधा गुणाकार पुरतो.

प्रश्न एवढाच विचारायचा : एका रुग्णापासून सरासरी किती नव्या माणसांना लागण होते? डेंग्यूचा विषाणू एका माणसाकडून डासात आणि डासाकडून दुसऱ्या माणसात जाऊन ताप येईपर्यंत साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. म्हणजे वर्षावासाच्या तीन महिन्यांत अशा चार-पाच फेऱ्या होतात. एकापासून दोघांना लागण होत असेल तर एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ, आठाचे सोळा आणि पाचव्या फेरीला ३२ नवे रुग्ण. पण दहा रुग्णांपासून आठांनाच लागण होत असेल, तर दहाचे आठ, आठाचे सहा, सहाचे पाच असे होत साथ आपोआप विझते. दोन्ही गल्ल्यांतला फरक हाच. एक आकडा एकाच्या वर आहे, दुसरा एकाच्या खाली.

ही गोष्ट आधी मलेरियाच्या बाबतीत लक्षात आली. रोनाल्ड रॉस या डॉक्टरने १८९७ साली सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू शोधले. त्याबद्दल त्याला १९०२ चे नोबेल मिळाले. डास कमी करा, असे तो सांगू लागला तेव्हा लोकांनी त्याला वेड्यात काढले. सगळे डास कधी मरतात का? रॉसने गणित मांडून दाखवले की सगळे मारावे लागतच नाहीत. डासांची संख्या एका मर्यादेखाली आणली की थोडे डास उरले तरी मलेरिया टिकत नाही. 'कितीही केले तरी डास राहतातच' असे म्हणून हात झटकणाऱ्यांना हे उत्तर आजही लागू आहे.

याच गणितात एक गंमत लपलेली आहे. रोग पसरवायला डासाला दोनदा चावावे लागते : एकदा आजारी माणसाला, नंतर निरोग्याला. म्हणून चावे निम्मे झाले की लागण निम्मी होत नाही, पाव होते. समजा, एखाद्या गल्लीत हा आकडा तीन आहे. डासांची पैदास निम्मी केली तर तो दीडवर येईल, म्हणजे साथ चालूच राहील. पैदास आहे तेवढीच ठेवून सगळ्यांना होणारे चावे निम्मे केले तर तो पाऊणवर येईल. दोन्ही केले तर प्रश्नच मिटला. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, सकाळी आणि दिवस मावळण्याआधी जास्त. त्यामुळे तापाच्या माणसाला रात्री मच्छरदाणीत आणि दिवसा ओट्यावर बसवण्यात काही अर्थ नाही. त्याला दिवसाही मच्छरदाणीत झोपवावे. त्याने त्याचा ताप उतरणार नाही, पण शेजारच्या लेकरांचा चुकेल.

अशा हिशेबाला शास्त्रज्ञ गणिती मॉडेल म्हणतात. त्याचा एक गाजलेला नमुना आपल्या महाराष्ट्रातल्याच आकड्यांवर तपासला गेला. ते आकडे होते मुंबईतल्या प्लेगच्या मृत्यूंचे.

प्लेग आपल्याला परका नाही. १८९६ च्या सप्टेंबरात तो मुंबईच्या मांडवी भागात दिसला आणि काही महिन्यांत पुण्यात आला. मुंढव्याच्या महार वस्तीतल्या प्लेग झालेल्या पांडुरंग गायकवाड या मुलाला सावित्रीमाईंनी स्वतः उचलून यशवंतरावांच्या दवाखान्यात नेले, आणि त्याच आजाराने १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. प्लेग पुढे अनेक वर्षे परतून येत राहिला. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळात मुंबईत दर आठवड्याला किती माणसे प्लेगने मेली, याची नोंद सरकारने ठेवली होती. साथ ऐन भरात असताना आठवड्याला सुमारे ९०० मृत्यू होत होते.

या नोंदी वीस वर्षांनी एडिंबरोतल्या दोघांनी हाती घेतल्या. एक मॅकेंड्रिक. भारतात सरकारी वैद्यकीय सेवेत काम केलेला डॉक्टर. दुसरा केरमॅक. रसायनशास्त्रज्ञ, प्रयोगशाळेतल्या स्फोटात वयाच्या २६ व्या वर्षी दृष्टी गेलेला. पुढचे सगळे गणित त्याने मनातच केले. दोघांनी माणसांचे तीन गट पाडले : लागण होऊ शकणारे, आजारी, आणि बरे झालेले किंवा दगावलेले. रसायनात दोन पदार्थ एकमेकांना भिडले की क्रिया होते, तशी पहिल्या दोन गटांची गाठ पडली की लागण होते असे धरून त्यांनी समीकरणे लिहिली. १९२७ साली ते छापून आले. मुंबईच्या मृत्यूंचा चढ-उतार त्यांच्या वक्ररेषेवर जवळजवळ तंतोतंत बसला. साथ ओसरायला प्रत्येकाला लागण व्हावी लागत नाही, लागण होऊ शकणारे पुरेसे कमी झाले की ती ओसरते, हे त्यातून निघाले. आज हेच गणित अफवा कशी पसरते हे अभ्यासायलाही वापरतात. लसीबद्दलचा खोटा मेसेज एकाने दोघांना पाठवला की पुढचा हिशेब डेंग्यूसारखाच.

पण रेषा आकड्यांवर बसली म्हणजे सगळे खरे झाले असे नाही. प्लेग पसरवत होते उंदीर आणि त्यांच्यावरच्या पिसवा. समीकरणात तर उंदीरच नव्हता. ही उणीव त्या दोघांनाही ठाऊक होती. दुसरी मेख मला जास्त महत्त्वाची वाटते. त्या गणितात शहरातला प्रत्येक माणूस सारखा धरला होता, म्हणजे बंगल्यातल्याला आणि चाळीतल्याला लागण होण्याची शक्यता एकच. तसे असते का?

२०२० च्या जुलैत कोरोनाच्या काळात मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्ततपासणी झाली. झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांच्या रक्तात लागण होऊन गेल्याची खूण सापडली. त्याच वॉर्डांतल्या इमारतींत ती १६ टक्के लोकांत होती. दाट वस्ती, सामाईक संडास आणि सामाईक नळ ही कारणे त्या वेळी पुढे आली. दोन्हींची सरासरी काढून कुणी योजना आखली, तर ती ना वस्तीला लागू पडेल ना इमारतीला.

आपल्या तालुक्यांतही सरासरीची हीच फसवणूक होते. गोवराच्या एका रुग्णापासून, लस नसेल तर, १२ ते १८ जणांना लागण होते. म्हणून त्याला अडवायला शंभरातल्या ९५ मुलांना दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात. तालुक्याचा आकडा ९५ असेलही. पण हंगामाला पाटसच्या साखर कारखान्यावर येणाऱ्या ऊसतोड टोळ्या, वीटभट्ट्यांवरची कुटुंबे, रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीलगत भाड्याच्या खोल्यांत राहणारे कामगार यांच्या मुलांचे डोस गाव बदलताना राहून जातात. गोवर तालुक्याच्या सरासरीत शिरत नाही, तो त्या कोपीत शिरतो. तुमच्या आळीत असे कुटुंब आले असेल तर लसीचे कार्ड नसले तरी आशाताईंकडे मुलाचे नाव द्या. गावचे रेशनकार्ड नाही म्हणून लस नाकारली जात नाही.

आणि ताप लपवू नका. १८९७ ला पुण्यात गोरे शिपाई घरात घुसून झडत्या घेत, म्हणून लोक रुग्ण दडवत. ती भीती समजण्यासारखी होती. आज तसे कारण नाही. दडवलेला रुग्ण कुठल्याच गणितात येत नाही, मग धुराची गाडी दुसऱ्याच गल्लीत फिरते.

पाण्याचे सांगायचे तर, डेंग्यूच्या डासाची अंड्यापासून उडत्या डासापर्यंतची वाढ आठ-दहा दिवसांत होते, म्हणून आठवड्यातून एकदा पिंप, रांजण, हौद रिकामे करायचे. नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेवर कडेला चिकटलेली असतात, कोरड्यातही महिनोन्महिने जगतात आणि पाणी भरले की फुटतात. कड काथ्याने घासावी लागते, मग वर फडके घट्ट बांधायचे. हा डास शे-दोनशे मीटरच उडतो, म्हणजे तुमच्या घरातला डास बहुधा तुमच्याच आळीत जन्मलेला असतो. एकट्या घराने पिंप घासून आकडा एकाखाली येत नाही. आळीतल्या बहुतेक घरांनी एकाच दिवशी घासले तर येतो. वर्षावासात संध्याकाळी विहारात वाचनाला सगळे जमतातच, तिथेच वार ठरवता येईल. रविवार बरा, कंपनीला सुट्टी असते आणि पिंप उचलायला घरात माणूस असतो.