यंत्र बोलले तर मूल बोलणार नाही?

बहुविकलांग मुलांच्या साधनांबाबत पालक एक म्हणतात, शिक्षक दुसरेच. या ओढाताणीत मुलाचे म्हणणे मात्र राहून जाते.

मूल टॅबवरच्या चित्रावर बोट ठेवते आणि आवाज येतो, ‘मला पाणी हवे.’ खरे तर आईला आनंद व्हायला हवा. पण तिच्या मनात धास्ती असते, यंत्रच बोलू लागले तर हा स्वतः कशाला बोलेल?

बहुविकलांग म्हणजे एकाहून अधिक अपंगत्व असलेली व्यक्ती. कुणाला सेरेब्रल पाल्सीबरोबर दृष्टिदोष असतो, कुणाला दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही. त्यामुळे एकाला चालणारे साधन दुसऱ्याला चालेलच असे नाही. ज्याला दिसत नाही, त्याला चित्रांचा काय उपयोग? त्याच्या हाती जेवणाआधी चमचा आणि अंघोळीआधी टॉवेल दिला, की पुढे काय होणार ते त्याला हळूहळू कळू लागते. हात साथ देत नसतील, तर डोक्याने दाबायचा स्विच उपयोगी पडतो.

आईची भीती कितपत खरी?

अशा साधनांवरील अभ्यासांचा एक आढावा २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्या २७ व्यक्तींबाबतचे पुरावे भक्कम ठरले, त्यांपैकी एकाचेही बोलणे कमी झाले नव्हते. उलट बहुतेकांचे थोडेफार वाढले होते.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुंबईच्या मालिनी चिब यांनी तर करंगळीने टाइप करून ‘वन लिट्ल फिंगर’ हे आत्मचरित्र लिहिले. टाइप केलेला मजकूर बोलून दाखवणारे यंत्रही त्या वापरत आल्या आहेत.

शिक्षकांची अडचण

वर्गात प्रत्येक मुलाची गरज निराळी. त्यात यंत्र चार्ज करा, शब्द भरा, बिघडले तर दुरुस्त करून आणा. प्रशिक्षण नसेल तर हे सारे ओझेच वाटते. मग ‘आधी समज येऊ दे, यंत्र नंतर देऊ’ असे म्हटले जाते. पण सांगायचे साधनच नसेल, तर मुलाला किती समजते हे कळणार कसे?

काही वेळा यंत्र शाळेतच राहते, कारण घरी मोडेल अशी भीती. शाळा सुटली की मुलाचे शब्दही कपाटात बंद!

सुरुवात कशी करावी?

● महागड्या यंत्रासाठी थांबू नका. पुठ्ठ्यावर चिकटवलेली चित्रेही चालतात. आयआयटी मुंबईत तयार झालेले ‘जेलो’ हे अ‍ॅप मोफत असून मराठीतही आहे.

● केंद्र सरकारच्या ‘एडिप’ योजनेतून पात्र कुटुंबांना साधनांसाठी मदत मिळते. शाळेत चौकशी करा.

● घरी आणि शाळेत चित्रे, खुणा एकच ठेवा. शिक्षकांशी एका वहीतून रोजची देवाणघेवाण करा.

● मुलाला उत्तर द्यायला वेळ द्या. त्याचे वाक्य आपण पुरे करू नका.

● पाणी, जेवण, शू यांबरोबर ‘नको’ आणि ‘दुखते’ हे शब्द पहिल्याच दिवशी ठेवा. कुठे दुखते हे सांगता न येणारे मूल नुसते रडते आणि मोठी माणसे त्याला हट्टी ठरवतात.