ट्रॉलीला थांबवते कोण?

दसरा होऊन थंडीची चाहूल लागली की गंगाखेड तालुक्यातल्या रस्त्यांवर ट्रॅक्टरची वर्दळ वाढते. गोदाकाठच्या काळ्या रानातला ऊस कारखान्याकडे निघतो. त्याच दिवसांत राणीसावरगावच्या आसपासच्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीला निघालेली कुटुंबे भांडीकुंडी, शेळ्या आणि लेकरांसह ट्रॉलीत बसून पश्चिम महाराष्ट्राची, कर्नाटकाची वाट धरतात. हंगामाच्या तोंडावर दरवर्षी ट्रॉल्यांना लाल रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम निघते. ती चांगलीच आहे, तिने अंधारात मागून येणाऱ्याचा जीव वाचतो. पण रिफ्लेक्टर मागच्याला सांगतो की पुढे ट्रॉली आहे. ती ट्रॉली स्वतः वेळेवर थांबेल का, हा प्रश्न त्याने सुटत नाही. तो सुटतो ट्रॉलीच्या चाकातल्या ब्रेकने, आणि आपल्याकडच्या कितीतरी ट्रॉल्यांच्या चाकांत ब्रेक नावाची वस्तूच नसते. ट्रॉली बांधताना जुन्या ट्रकचा अ‍ॅक्सल वापरला तरी त्यावरचे लायनर आणि ड्रमची जोडणी काढून टाकली जाते. हा निष्काळजीपणा आहे असे म्हणून मोकळे होता येत नाही. त्याच्यामागे काही पक्के समज आहेत, वरवर पटणारेही आहेत, म्हणून ते एकेक करून तपासायला हवेत.

सगळ्यांत पक्का समज असा की ट्रॅक्टरचे ब्रेक दणकट आहेत, आता तर तेलात बुडालेले ब्रेक येतात, मग ट्रॉलीला वेगळे कशाला? तेलातले ब्रेक खरोखरच चांगले. ते लवकर तापत नाहीत, पाणी-चिखल आत जात नाही, वर्षानुवर्षे टिकतात. पण गाडी शेवटी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्या पकडीने, आणि त्या पकडीला मर्यादा आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर टायर फार तर त्याच्यावर पडलेल्या वजनाच्या सत्तर टक्क्यांइतका रोध देतो. त्यापुढे पेडल कितीही दाबा, चाक जागेवर थांबून घसरत जाते. आपल्याकडच्या नेहमीच्या ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात. आता साधा हिशेब करू. ट्रॅक्टर 2,200 किलोचा, त्यातले 1,400 किलो मागच्या चाकांवर. म्हणजे थांबवण्याची जास्तीत जास्त ताकद जेमतेम 1,000 किलोची. मागे चार चाकी दोन ट्रॉल्या, लोखंड आणि ऊस मिळून प्रत्येकी 8 टन धरू. एकूण वजन 18 टनांच्या वर गेले. ताशी 25 किलोमीटर वेगाने जाणारा हाच ट्रॅक्टर एकटा असता तर ब्रेक लागल्यावर 5-6 मीटरमध्ये उभा राहिला असता. या दोन ट्रॉल्यांसह त्याला सपाट, कोरड्या रस्त्यावरही 35 ते 45 मीटर लागतात. एकामागे एक तीन-चार एसटी उभ्या कराव्यात एवढे हे अंतर. चालकाला धोका दिसून त्याचा पाय पेडलवर जाईपर्यंतचे आणखी 7 मीटर वेगळेच. रस्ता ओला असला किंवा टायरला रानातली काळी माती चिकटलेली असली की पकड निम्म्यावर येते आणि अंतर त्या मानाने वाढते.

हे सपाटीचे झाले. गंगाखेडकडून दक्षिणेला राणीसावरगावच्या बाजूला निघाले की बालाघाटाच्या रांगांचे चढउतार लागतात, आणि तिथे हा हिशेब पार बदलतो. बारा फुटांमागे एक फूट उतार असेल तर 18 टनांचा जोड स्वतःच्या वजनाने खाली ओढला जातो तो सुमारे 1,500 किलोच्या जोराने. ट्रॅक्टरची मागची चाके देणार 1,000 किलो. टायर गरगरताना आपोआप जो थोडा अडथळा होतो तो 300 किलो धरला, तरी बेरीज 1,300 च्या पुढे जात नाही. म्हणजे अशा उतारावर एकदा वेग घेतलेला जोड कुठल्याही चालकाला, त्याचे कौशल्य काहीही असो, ट्रॅक्टरच्या ब्रेकने थांबवता येणारच नाही. अपघातानंतर आपण ‘ब्रेक निकामी झाले’ असे म्हणतो. अशा उतारावर मात्र ब्रेक धडधाकट असूनही जोड थांबत नाही, कारण वजन जिथे आहे तिथे ब्रेकच नसतो.

यावर जुने चालक म्हणतात की उतारावर ब्रेकवर कोण विसंबतो, गिअर खालचा टाकला की इंजिनच धरून ठेवते. त्यांची सवय बरोबर आहे, फक्त तिचा अर्थ नीट लावायला हवा. इंजिनचा रोधही रस्त्यापर्यंत पोचतो तो त्याच मागच्या दोन चाकांमधून. त्यामुळे पकडीची 1,000 किलोची मर्यादा त्यालाही लागू आहे. इंजिन आणि ब्रेक मिळून दुप्पट ताकद होत नाही. खालच्या गिअरचा फायदा वेगळा आहे. जोडाने वेग घेण्याआधीच तो संथ राहतो, आणि ब्रेक तापत नाहीत. म्हणून उताराच्या माथ्यावर, खाली वळण्यापूर्वीच गिअर टाकायचा, मध्यावर नाही. डिझेल वाचते म्हणून न्यूट्रल करून सोडणे हा तर जीवघेणा गैरसमज. गिअरमध्ये असताना थ्रॉटल सोडला आणि चाकांनी इंजिन फिरत राहिले की पंपाचा गव्हर्नर डिझेल जवळपास बंदच करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतच राहते. वाचत काहीच नाही, आणि एकदा वेग वाढला की गिअर परत पडत नाही.

दुसरा आक्षेप अनुभवाचा आहे आणि तो मला सगळ्यांत विचार करण्याजोगा वाटतो: वीस वर्षे ट्रॉली ओढली, कधी काही झाले नाही. हा अनुभव खोटा नाही. पण तो बहुधा दोन चाकी, एकट्या ट्रॉलीचा असतो. दोन चाकी ट्रॉलीचे काही वजन हूकवर येते आणि ट्रॅक्टरची मागची चाके दाबून धरते. हूकवर 1 टन आला तर मागच्या चाकांवर 2,400 किलो होतात, रोध 1,700 किलोपर्यंत जातो, आणि 8 टनांची ती एकटी ट्रॉली सपाटीवर साधारण 15 मीटरमध्ये थांबते. (पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग सैल पडते, हा त्यातला दुसरा धोका आहेच.) चार चाकी ट्रॉली स्वतःच्या चाकांवर स्वतःचे वजन पेलते, ट्रॅक्टरला काही देत नाही, फक्त मागून ढकलते. एका दोन चाकी ट्रॉलीवर कमावलेला अंदाज दोन चार चाकी ट्रॉल्यांना लावला की चालकाला आपण चुकतो आहोत हे कळायला पहिला मोठा उतार यावा लागतो. ढकलण्याचा परिणाम वळणावर आणखी वाईट. ब्रेक दाबून ट्रॅक्टर मंदावतो, ट्रॉली मंदावत नाही, ती हूकपाशी ट्रॅक्टरला तिरपा दाबते आणि दोघे कात्रीसारखे मिटतात. ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक पेडल जोडणारी पट्टी रानातून बाहेर येताना लावायची राहिली असेल तर एकच चाक धरले जाते आणि हे क्षणात घडते.

‘वेगच किती असतो’ हे वाक्य तर घरोघरी ऐकू येते. 18 टन वजन ताशी 25 किलोमीटरने जाताना त्यात जितकी ऊर्जा असते, तितकीच 1,200 किलोच्या कारमध्ये ती ताशी 97 किलोमीटरने धावताना असते. ती कार चारही चाकांना ब्रेक नसताना कुणी रस्त्यावर काढेल का? युरोपात ब्रेक नसलेला ट्रेलर ओढण्याची मर्यादा साधारण 750 किलोची आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत 3,000 पौंडांच्या, म्हणजे सुमारे 1,360 किलोच्या पुढे ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. हे मुख्यतः कारमागच्या ट्रेलरचे नियम, हे खरे. पण एका टनाच्या आसपासच्या वजनाला जे आवश्यक मानले गेले, ते आठ टनांना अनावश्यक कसे?

आता कोणते ब्रेक, हा प्रश्न. मोबाइलवर परदेशी व्हिडिओ पाहून ‘ब्रेक कंट्रोलर’ची चौकशी करणारे हल्ली भेटतात, आणि ती पेटी बसवली की ट्रॉली थांबते असा त्यांचा समज असतो. ती पेटी स्वतः काही थांबवत नाही. ट्रेलरच्या ड्रममध्ये विद्युतचुंबक असतात. कंट्रोलर त्यांना किती वीज द्यायची एवढेच ठरवतो. साधा कंट्रोलर पेडल दाबले की ठरलेल्या गतीने वीज वाढवत नेतो, मग थांबणे हळू असो की तातडीचे. चांगला कंट्रोलर गाडी किती झपाट्याने मंदावते आहे हे ओळखून त्या प्रमाणात वीज देतो. दोन्हींत ओझ्याप्रमाणे जोर लावून घ्यावा लागतो, नाहीतर रिकामा ट्रेलर चाके घट्ट धरून घसरतो आणि भरलेला नुसता ढकलत राहतो. शिवाय असे बहुतेक ब्रेक दीड ते साडेतीन टनांच्या अ‍ॅक्सलसाठी बनतात, घोड्यांच्या ट्रेलरला शोभणारे. एकाच अ‍ॅक्सलवर सहा-सात टन घेणाऱ्या, कारखान्याच्या गव्हाणीसमोरच्या चिखलात उभ्या राहणाऱ्या ट्रॉलीचे ते काम नव्हे.

आपल्या कामाचे पर्याय तीन. ढकलीवर चालणारा ब्रेक सर्वांत साधा: ट्रॉली पुढे ढकलू लागली की तिचा दांडा आत दबतो आणि त्या दाबाने तिचेच ब्रेक लागतात. ट्रॅक्टरला काही जोडावे लागत नाही. पण रिव्हर्स घेताना तो अडतो, त्यासाठी खटका लागतो, आणि लांब उतारावर सतत घासून ड्रम तापतात. हलक्या, एकट्या ट्रॉलीला तो ठीक. दुसरा हायड्रॉलिक: ट्रॅक्टरच्या पेडलशी जोडलेल्या व्हॉल्व्हमधून तेलाचा दाब ट्रॉलीच्या ब्रेककडे जातो. जोर भरपूर मिळतो, पण एकाच पाइपाची रचना असेल तर पाइप फुटला की ब्रेक गेला. दोन ट्रॉल्यांच्या जोडाला मी हवेचा ब्रेकच सुचवेन, तोही दोन पाइपांचा. ट्रॅक्टरवर लहान कॉम्प्रेसर, ट्रॉलीवर हवेची टाकी. पुरवठ्याचा पाइप तुटला किंवा पिन निघून ट्रॉली सुटली तर हवा जाते आणि ब्रेक आपोआप लागतात. बिघाड झाला तरी थांबण्याच्या बाजूने होतो, हा गुण दुसऱ्या कशात सहज मिळत नाही. ट्रॉल्यांचे ब्रेक निम्म्याहून कमी ताकदीने लागले तरी आधीचे 35-45 मीटर 8 मीटरवर येतात. पैसे एकाच ट्रॉलीपुरते असतील तर आधी मागच्या ट्रॉलीला लावावेत. मागची धरली की जोड ताणलेला, सरळ राहतो; फक्त पुढची धरली तर मागची तिला ढकलते. मात्र मागची ट्रॉली रिकामी असताना जोर कमी करून घेण्याची सोय हवीच.

खर्चाचा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. ट्रॅक्टरचा हप्ता, ऊसतोड टोळीला दिलेली उचल, डिझेल, यातून मालकाच्या हाती काय उरते ते सर्वांना ठाऊक आहे. म्हणून हा भार एकट्या मालकावर टाकू नये. कारखाने वाहतुकीचा करार करतातच. रिफ्लेक्टरसारखीच ब्रेकची तपासणी करारात घालून त्यासाठी आगाऊ रक्कम देता येईल. आणि कायद्याच्या नजरेत ट्रॉली हे ट्रॅक्टरचे शेपूट नाही: 1988 च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरची वेगळी व्याख्या आहे, तिची वेगळी नोंदणी होते. 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे. ब्रेक ट्रॉलीच्या मंजूर वजनासाठी बसवलेले असतात. वर आणखी चार टन ऊस रचला की चांगले ब्रेकही अपुरे पडतात.

‘ट्रॉलीचे ब्रेक जाम होतात, म्हणून काढून टाकले’ असेही सांगितले जाते. जाम होतात ते देखभाल नसल्याने. हंगामाआधी जॅक लावून प्रत्येक चाक हाताने फिरवून पाहावे. ब्रेक सोडलेला असताना ते मोकळे फिरले पाहिजे, दाबल्यावर जागीच थांबले पाहिजे. भरलेल्या खेपेनंतर उतरून हाताची पालथी बाजू प्रत्येक ड्रमजवळ न्यावी, टेकवू नये. एक ड्रम भाजण्याइतका तापलेला आणि दुसरा गार असेल तर गार बाजू काम करत नाही, आणि सगळे ओझे तापलेल्या बाजूवर पडते आहे. हबचे ग्रीस गळून लायनरला लागले असेल तर ते पुसून भागत नाही, लायनर बदलावा.

आणि ब्रेक फक्त चालत्या ट्रॉलीसाठी नसतो. कारखान्याच्या रांगेत ट्रॉली रात्र-रात्र उभी असते, तिच्या सावलीत टोळीतली माणसे आडवी होतात, लेकरे चाकांजवळ खेळतात. ट्रॅक्टर सोडवायचा असेल तर आधी ट्रॉलीचा हँडब्रेक ओढावा, तो नसेल तर मागच्या दोन्ही चाकांना उताराच्या बाजूने मोठे दगड लावावेत, खाली कुणी नाही हे वाकून पाहावे, आणि मगच पिनेला हात घालावा.