‘ओला’ कधी म्हणावे आणि ‘ग्वापा’ कधी म्हणू नये?



या अंकात परीक्षेच्या तयारीवर लिहायचे ठरवले होते. पण मध्यंतरी शाळेत एक प्रसंग घडला आणि विषय बदलला. दोन्ही घरच्या पालकांना विचारून, नावे न देता तो येथे सांगतो.

नववीतल्या एका मुलाने मधल्या सुट्टीत, जिन्यावरून उतरणाऱ्या वर्गातल्या मुलीला मोठ्याने ‘मामासीता’ अशी हाक मारली. त्याच्या बरोबरची मुले हसली. मुलगी तडक माझ्या खोलीत आली. मुलाला बोलावले तर तो म्हणाला, “सर, ही शिवी नाहीये. स्पॅनिशमधलं कौतुक आहे, गाण्यात येतं. अर्थ ‘छोटीशी आई’ असा आहे.” शब्दार्थ खरोखरच तसा आहे. मला हसू आले. “पुन्हा असं करू नकोस,” एवढे सांगून मी त्याला वर्गात पाठवले. मुलगी मात्र दारातच उभी राहिली. म्हणाली, “सर, त्याचा अर्थ काय ते नका विचारू. तो मला असं का म्हणाला, ते विचारा ना.”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. माझे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून झाले, मराठी घरची आणि इंग्रजी कामापुरती. स्पॅनिशचा काही संबंधच आला नव्हता. आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी दोन वर्षे स्पेनमध्ये शिकून आली आहे. तिला गाठले, काही पुस्तके चाळली आणि जे समजले ते आपणासमोर ठेवतो आहे. आपली बरीच मुले मोबाईलवर हौसेने ही भाषा शिकतात, काही पुढे बाहेरगावी जातील. त्यांना याचा उपयोग व्हावा.

नमस्काराचे शब्द

स्पॅनिश ही स्पेनची भाषा. पण स्पेनखेरीज मेक्सिको, कोलंबिया, पेरू, अर्जेंटिना, चिली, क्यूबा असे मिळून एकूण २० देशांची ती राजभाषा आहे. आपल्याकडे इंदूरची मराठी वेगळी आणि कोल्हापूरची वेगळी, तसेच तिचेही आहे. तरी काही शब्द सगळीकडे चालतात.

पहिला शब्द ‘ओला’. लिहिताना सुरुवातीला ‘एच’ असतो, पण त्याचा उच्चार होत नाही. लहान-मोठा, ओळखीचा-अनोळखी कोणालाही ‘ओला’ म्हणता येते. मात्र वडीलधाऱ्यांना किंवा कचेरीत नुसते ‘ओला’ म्हणण्यापेक्षा वेळेप्रमाणे बोललेले बरे. सकाळी ‘ब्वेनोस दियास’, दुपारी ‘ब्वेनास तार्देस’, अंधार पडल्यावर ‘ब्वेनास नोचेस’. स्पेनमध्ये दुपारचे जेवण दोन-तीन वाजता होते, त्यामुळे जेवण होईपर्यंत पुष्कळ लोक ‘ब्वेनोस दियास’च म्हणतात. इंग्रजीत ‘गुड नाईट’ निरोप घेतानाच म्हणतात. ‘ब्वेनास नोचेस’ मात्र रात्री कोणी भेटले तरी म्हणतात आणि निघतानाही म्हणतात. घाईत नुसते ‘ब्वेनास’ म्हटले तरी भागते.

आमची विद्यार्थिनी सांगत होती की स्पेनमध्ये छोट्या दुकानात शिरताना, दवाखान्यात वाट पाहणाऱ्यांच्या खोलीत किंवा लिफ्टमध्ये पाऊल टाकताना अनोळखी माणसांनाही हा नमस्कार करतात. न बोलता आत शिरणे उद्धटपणाचे वाटते. ती पहिले काही दिवस मुकाट्याने भाजी निवडायला लागायची, आणि दुकानदारीण कपाळाला आठ्या घालायची. कारण तिला नंतर कळले.

‘के ताल?’ म्हणजे ‘काय, कसं काय?’. आपण ‘कसं काय?’ विचारतो तेव्हा समोरच्याने गुडघेदुखीची हकीकत सांगावी अशी आपली अपेक्षा नसते. तिथेही तसेच. ‘ब्येन’ म्हणजे ‘बरं आहे’ म्हणायचे आणि उलट विचारायचे. निरोपाचा शब्द ‘आस्ता लुएगो’, म्हणजे ‘पुन्हा भेटू’. ज्याला पुन्हा भेटण्याचा काही योग नाही अशा माणसालाही तो म्हणतात. आपल्याला याचे नवल वाटायला नको, कारण आपणही जाताना ‘येतो’ म्हणतो.

मित्रामित्रांच्या हाका गावोगावी निराळ्या. स्पेनमध्ये मुले एकमेकांना ‘तीओ’ म्हणतात, त्याचा शब्दार्थ काका. अर्जेंटिनात ‘चे’ म्हणतात. मेक्सिकोत ‘के ओंदा’ विचारतात आणि कोस्टा रिकात ‘पुरा विदा’ म्हणजे ‘निर्मळ जीवन’ हा नमस्कारही आहे, निरोपही आहे आणि ‘मजेत’ हे उत्तरही आहे. आपले ‘और भिया!’ हे याच जातीचे. राजवाड्यापाशी मित्राला म्हटले तर गोड लागते, पण मुलाखतीच्या खोलीत शिरताना कोणी असे म्हणत नाही.

भेटीच्या रीतीबद्दलही दोन शब्द. स्पेनमध्ये ओळख करून देताना स्त्रिया एकमेकींच्या, तसेच स्त्री-पुरुषही एकमेकांच्या, गालाला गाल लावून दोनदा अभिवादन करतात. लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी एकदाच. पुरुष बहुधा हात मिळवतात. पाहुण्याने आपण होऊन पुढे व्हायची गरज नाही. हात पुढे केला किंवा हात जोडून नमस्कार केला तरी कोणी वाईट मानत नाही.

‘तू’ आणि ‘उस्तेद’

येथे मराठी मुलांना इंग्रजीपेक्षा स्पॅनिश जवळची वाटेल. त्या भाषेतही ‘तू’ आहे! उच्चार तोच, अर्थही तोच. हा योगायोग नाही. संस्कृत ‘त्वम्’ आणि लॅटिन ‘तू’ हे एकाच प्राचीन भाषाकुळातले सख्खे शब्द आहेत. शिवाय त्यांचे ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखेच दातांना जीभ लावून उच्चारायचे असतात.

आदरार्थी शब्द ‘उस्तेद’. तो ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या जुन्या संबोधनावरून झिजत झिजत तयार झाला. मित्राला विचारायचे ‘कोमो एस्तास?’ आणि वडीलधाऱ्यांना ‘कोमो एस्ता उस्तेद?’. मात्र कोणाला काय म्हणायचे याचे गणित देशागणिक बदलते. स्पेनमध्ये आज दुकानात, कचेरीत, शाळेतही लोक पटकन ‘तू’वर येतात. मुले शिक्षकांनाही ‘तू’ म्हणतात आणि त्यात अपमान नसतो. मेक्सिकोत शिक्षकांना ‘उस्तेद’ म्हणण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. कोलंबियाच्या काही भागांत तर घरातल्या घरात, मित्रांमध्येही ‘उस्तेद’ चालते. अर्जेंटिनात ‘तू’ऐवजी ‘वोस’ आहे.

आपल्या इंदुरात हिंदीत आपण सरसकट ‘आप’ म्हणतो आणि तीच सवय घेऊन मराठीत आलो की गोंधळ होतो. मी येथे नवा असताना एका आजोबांना बोलण्याच्या भरात ‘तू’ म्हणून गेलो होतो. ते रागावले नाहीत, पण पुढची दहा मिनिटे मला ‘आपण’ म्हणत राहिले. तेव्हापासून माझा नियम झाला आहे की शंका आली तर आदराचा शब्द वापरावा. समोरचा म्हणेल, ‘अहो, तू म्हणा.’ आदरावरून खाली येणे सोपे असते, एकेरीवरून वर चढणे अवघड.

कौतुक कशाचे आणि कोणाचे

सर्वांत निर्धोक कौतुक जेवणाचे. ‘के रिको!’ म्हणजे ‘काय चविष्ट!’. हे यजमानांना सांगितले की घर खूश. जेवणाऱ्यांना लॅटिन अमेरिकेत ‘ब्वेन प्रोवेचो’ आणि स्पेनमध्ये ‘के आप्रोवेचे’ म्हणतात, म्हणजे खाल्लेले अंगी लागो. मेक्सिकोत खाणावळीतून बाहेर पडताना शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी लोकांनाही ‘प्रोवेचो’ म्हणून जातात.

माणसाच्या कौतुकात ‘आहे’ या क्रियापदाची दोन रूपे लक्षात ठेवावी लागतात. ‘एरेस ग्वापा’ म्हणजे ‘तू दिसायला छान आहेस’, हा स्वभावधर्म झाला. ‘एस्तास ग्वापा’ म्हणजे ‘आज छान दिसते आहेस’. मुलासाठी ‘ग्वापो’, मुलीसाठी ‘ग्वापा’. पण येथे जपून. ‘ब्वेना’ म्हणजे चांगली. ‘सूप एस्ता ब्वेना’ हे सूपाचे कौतुक झाले, पण तेच रूप एखाद्या स्त्रीविषयी वापरले तर तिच्या शरीराविषयीची अभद्र टिप्पणी होते. शब्द शब्दकोशात निर्मळ असतो आणि वापरात नसतो, तो असा.

याच्या उलटही घडते. आमच्या विद्यार्थिनीला भाजीवालीने पहिल्यांदा ‘ग्वापा’ म्हटले तेव्हा ती संकोचली. मग पाहिले तर ती बाई सत्तर वर्षांच्या आजींनाही सुटे पैसे परत देताना ‘ग्वापा’च म्हणत होती. आपल्या बाजारातल्या ‘ताई’, ‘बेटा’सारखाच तो शब्द होता. कौतुकाला उत्तर म्हणून ‘ग्रासियास’ म्हणजे ‘धन्यवाद’ पुरते. स्पेनमध्ये ‘स’ऐवजी जीभ दातांत धरून ‘ग्राथियास’ म्हणतात. कपड्याचे कौतुक केले की ‘छे, जुनाच आहे’ असे म्हणणारे तिकडेही पुष्कळ आहेत. तेव्हा तेथे आपण परके ठरत नाही.

‘पिरोपो’

रस्त्याने जाणाऱ्या स्त्रीला उद्देशून केलेल्या स्तुतीला स्पॅनिशमध्ये ‘पिरोपो’ म्हणतात. हा शब्द मूळचा लाल रंगाच्या एका रत्नाचा. एके काळी ही चतुराईची, काव्यमय गोष्ट समजली जात असे आणि तिचे कौतुकही होई. पण जिला ते ऐकावे लागे तिला कोणी विचारले नव्हते. तिथल्या स्त्रियांनी जेव्हा बोलायला सुरुवात केली, तेव्हा चित्र बदलले. पेरूने २०१५ साली सार्वजनिक ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा केला. स्पेनमध्येही २०२२ च्या कायद्याने रस्त्यावरची अशी अपमानकारक, लैंगिक स्वरूपाची शेरेबाजी शिक्षापात्र ठरली.

म्हणजे ‘स्पॅनिशमध्ये चालतं’ हे आमच्या नववीतल्या मुलाचे म्हणणे स्पॅनिश बोलणाऱ्यांनाच मान्य नाही. ‘मामीता’, ‘मामासीता’ असे शब्द काही देशांत घरात लाडाने वापरतात, आई लेकीलाही म्हणते. तोच शब्द रस्त्यावरच्या अनोळखी पुरुषाने उच्चारला की छेडछाड होते. आपल्या घरात आई मुलीला ‘माझी राणी’ म्हणते. चौकात उभ्या टोळक्यातून कोणी ‘ए राणी’ म्हटले तर आपण शब्दकोश उघडून बसू का?

त्या मुलीचा प्रश्न नेमका हाच होता. शब्दाचा अर्थ मुलाने मला बरोबर सांगितला होता आणि मी तेवढ्यावर समाधान मानले. शब्द कोणी कोणाला म्हटला, कोठे म्हटला, ऐकायला कोण उभे होते, आणि जिला म्हटला तिला तो हवा होता का, हे मी विचारलेच नाही. चूक मुलाची होती, आणि ती हसण्यावारी नेण्याची चूक माझी होती. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला बोलावून तसे सांगितले. मुलालाही पुन्हा बोलावले. तिला म्हटलेला शब्द तो आपल्या घरी, आपल्या ताईसमोर, तशाच आवाजात उच्चारू शकेल का, एवढेच विचारले. बराच वेळ तो खाली मान घालून उभा होता. मग त्याने आपण होऊन तिची माफी मागितली, आणि ज्यांच्यासमोर हाक मारली होती त्यांच्यासमोर मागितली.

विद्यार्थी मित्रांनो, नवी भाषा जरूर शिका. ‘ओला’ म्हणा, ‘ग्रासियास’ म्हणा, जेवण आवडले तर ‘के रिको’ म्हणा. यात चुकलात तर लोक हसून दुरुस्त करतील. पण एखाद्याच्या रूपाविषयी, अंगाविषयी बोलायचे असेल तर आधी पाहा, तुमची त्या व्यक्तीशी तेवढी ओळख आहे का, आणि ते ऐकून तिला बरे वाटणार आहे की तुमच्या मित्रांना. उत्तर ‘मित्रांना’ असे आले, तर ते कौतुक कोणत्याही भाषेत करू नका.

पालकांना विनंती की मुले मोबाईलवर गाणी ऐकतात त्यांतले शब्द एकदा त्यांच्या शेजारी बसून ऐकावेत आणि अर्थ विचारावा. आपल्याला ती भाषा येत नाही याचा संकोच बाळगू नये. मलाही येत नव्हती, आणि मला शिकवले ते नववीतल्या एका मुलीने.

आपला स्नेहांकित,
मुख्याध्यापक