‘टेडी बेअर’वाल्या अध्यक्षांची ‘रामबाण’ रायफल

लहान मूल असलेल्या घरात टेडी बेअर नसेल, असे सहसा होत नाही. मऊ, गुबगुबीत, गोड चेहऱ्याचे हे अस्वल कुशीत घेतल्याशिवाय कित्येक मुलांना झोपच येत नाही. पण हे नाव ज्यांच्यावरून पडले, ते अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट पट्टीचे शिकारी होते, हे किती जणांना ठाऊक असेल?

१९०२ साली मिसिसिपी राज्यात ते अस्वलाच्या शिकारीला गेले होते.  बरोबरच्या वाटाड्याने एक जखमी अस्वल पकडून झाडाला बांधले आणि अध्यक्षांना बोलावणे धाडले. रूझवेल्ट यांनी त्याच्यावर गोळी झाडायला साफ नकार दिला. बांधलेल्या जनावराला मारण्यात कसला आला पुरुषार्थ! वर्तमानपत्रात या प्रसंगाचे व्यंगचित्र झळकले आणि ते पाहून न्यूयॉर्कच्या एका दुकानदाराने ‘टेडीचे अस्वल’ म्हणून खेळणे विकायला ठेवले.

हेच रूझवेल्ट मार्च १९०९ मध्ये अध्यक्षपदावरून उतरले आणि तीन आठवड्यांच्या आत मुलगा कर्मिटसह आफ्रिकेला निघाले. वय वर्षे पन्नास, एक डोळा जवळजवळ निकामी, दुसऱ्याला जाड भिंगाचा चष्मा. बरोबर स्मिथसोनियन संस्थेचे तीन निसर्गतज्ज्ञ होते. संग्रहालयासाठी प्राण्यांचे नमुने गोळा करणे, हा मोहिमेचा जाहीर हेतू. कातडी टिकवण्यासाठी तब्बल चार टन मीठ घेतले होते!

मोंबासाहून आत जाणारी रेल्वे हजारो हिंदी मजुरांनी घाम गाळून बांधली होती. १८९८ साली त्साव्हो येथे दोन नरभक्षक सिंहांनी त्यातल्या अनेकांचा बळी घेतला होता. त्याच लोहमार्गावरून रूझवेल्ट निघाले, तेही चक्क इंजिनाच्या पुढे बसवलेल्या बाकावर बसून!

तरफ ओढा, गोळी तयार!

त्यांच्या सामानात अनेक बंदुका होत्या. पण त्यांची लाडकी होती ती अमेरिकी बनावटीची विंचेस्टर रायफल, १८९५ सालचे मॉडेल, ‘पॉइंट ४०५’ काडतुसाची. जॉन ब्राउनिंग या कल्पक कारागिराने तिची रचना केली होती.

या रायफलीच्या चापाखाली कडीसारखी एक तरफ असते. गोळी झाडली की ती तरफ बोटांनी खाली-पुढे ढकलायची. रिकामी पुंगळी बाहेर उडते. तरफ परत मागे ओढली की नवे काडतूस नळीत जाऊन बसते. हे सारे एका हाताने, डोळ्यांच्या पापण्या दोन-तीनदा लवाव्यात इतक्या वेळात.

जुन्या तरफेच्या बंदुकांत काडतुसे नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक ठेवलेली असत. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकून धक्क्याने बार उडण्याचा धोका असल्याने गोळ्या बोथट ठेवाव्या लागत. ब्राउनिंगने काडतुसे पेटीत एकावर एक रचली आणि हा धोकाच संपवला. मग जोरदार काडतुसेही वापरता येऊ लागली. ‘४०५’ची गोळी जवळजवळ वीस ग्रॅम वजनाची आणि वेग सेकंदाला साडेसहाशे मीटरहून अधिक. सिंहासाठी ही बंदूक म्हणजे आपल्याकडे ‘रामबाण’ म्हणतात तसे औषध आहे, अशा अर्थाची स्तुती रूझवेल्ट यांनी लिहून ठेवली आहे.

पण रामबाणालाही मर्यादा असतेच. हत्ती आणि गेंडा यांची जाड कातडी व हाडे भेदून ही आखूड गोळी पुरेशी आत जात नसे. म्हणून त्यांच्यासाठी रूझवेल्ट बहुधा इंग्रज मित्रांनी भेट दिलेली भारी दुनळी हाती घेत. तिने झाडलेला एक गेंडा धावत येऊन त्यांच्यापासून अवघ्या तेरा पावलांवर कोसळला.

दुनळीतही मात्र दोनच गोळ्या! माउंट केनियाच्या जंगलात त्यांनी दोन्ही बार काढून एक हत्ती पाडला आणि त्याच क्षणी डावीकडची झाडी दुभंगून दुसरा हत्ती अंगावर आला, सोंडेने स्पर्श करील इतका जवळ! रूझवेल्ट झाडाआड उडी मारून काडतुसे भरू लागले. तेवढ्यात सोबती कनिंगहॅमने दोन बार काढले, हत्ती वळला आणि माजी अध्यक्षांचे प्राण वाचले.

भाल्याची शिकार

हातात बंदूक असणाऱ्यांचे शौर्य थोडे फिके वाटावे, असे एक दृश्यही रूझवेल्ट यांनी पाहिले. नांदी जमातीच्या तरुणांनी केवळ भाले आणि ढाली घेऊन आयाळवाल्या सिंहाभोवती कडे केले. सिंहाने कडे फोडण्यासाठी झेप घेतली, एकाला दातांनी आणि पंज्यांनी फाडले. पण चहूकडून भाले घुसले आणि सिंह पडला. जखमी तरुणाला एक कालवड बक्षीस मिळणार म्हणताच वेदनेतही त्याचा चेहरा फुलला.

हिशेब

मार्च १९१० मध्ये खार्टुमला मोहीम संपली. बाप-लेकांनी मिळून ५१२ प्राणी टिपले होते. त्यांत १७ सिंह, ११ हत्ती आणि २० गेंडे. मनात आणले असते तर याच्या कितीतरी पट मारू शकलो असतो, असे समर्थन रूझवेल्ट यांनी केले. हा माणूस क्रूरकर्मा होता का? तसेही म्हणवत नाही. अध्यक्ष असताना याच माणसाने पाच राष्ट्रीय उद्याने आणि पक्ष्यांसाठी ५१ अभयारण्ये निर्माण केली होती. त्या काळी शिकारी आणि रक्षक एकाच देहात सुखाने नांदत.

त्या वीस गेंड्यांपैकी नऊ होते उत्तरेकडील पांढरे गेंडे. ही जात काही रूझवेल्ट यांच्या नऊ गोळ्यांनी संपली नाही. ती संपत आणली पुढच्या काळातील यादवी युद्धांनी आणि शिंगांसाठी होणाऱ्या चोरट्या शिकारीने. २०१८ च्या मार्चमध्ये ‘सुदान’ हा तिचा शेवटचा नर केनियात मरण पावला. मागे राहिल्या त्याची मुलगी नाजिन आणि नात फातू. त्यांच्याभोवती रात्रंदिवस बंदूकधारी पहारेकरी ठेवावे लागले आणि प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ गोठवलेल्या वीर्यातून गर्भ घडवू लागले.

भारताने १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा केला. केनियाने १९७७ साली शिकारीवर बंदी घातली. एकेकाळी बंदूक रोखली जाई ती गेंड्यावर. आता त्याच भूमीवर ती गेंड्यासाठी रोखली जाते. आज रात्री मुलाच्या कुशीत टेडी ठेवताना ही गोष्ट त्याला जरूर सांगा. बांधलेल्या अस्वलावर गोळी न झाडणारा माणूस त्याला नक्की आवडेल. आणि कदाचित तो विचारील, ‘मग मोकळ्या अस्वलावर का झाडायची?’