एका नांवाच्या अनेक नायिका

माणसासाठीं नांव शोधितात. परंतु नांवासाठीं माणूस निर्माण केल्याचें उदाहरण विरळाच. अमेरिकेंतील चित्रकथांमधील ‘स्पायडर-वूमन’ हें असें एक उदाहरण होय.

१९६२ सालीं मार्व्हल या प्रकाशनसंस्थेनें ‘स्पायडर-मॅन’ वाचकांपुढें आणिला. कोळ्याच्या दंशानें अद्‌भुत सामर्थ्य लाभलेला हा विद्यार्थी अल्पावधींत लोकप्रिय झाला. पुढें संस्थेच्या मनांत शंका आली, कीं याच धर्तीचें स्त्रीचें नांव दुसऱ्या कोणीं आधीं उचललें तर? त्या नांवाचा हक्क आपल्याकडे राहावा म्हणून फेब्रुवारी १९७७ च्या ‘मार्व्हल स्पॉटलाइट’च्या ३२ व्या अंकांत जेसिका ड्रू हिची कथा छापण्यांत आली. हें कारण मार्व्हलचे स्टॅन ली यांनींच पुढें सांगितलें. कथा आर्ची गुडविन यांची. नायिकेचा लाल-पिवळा वेष मेरी सेव्हेरिन यांनीं योजिला.

नांव मिळालें, पण त्या नांवामागची स्त्री कोण, हें ठरलेलें नव्हतें. पहिल्या कथेप्रमाणें जेसिका मुळांत खरोखरच कोळी असून शास्त्रीय प्रयोगानें तिला मानवी रूप आलें होतें. लवकरच ही हकीकत बदलण्यांत आली. ती माणसाचीच मुलगी. बालपणीं किरणोत्सर्गामुळें आजारी पडली असतां पित्यानें कोळ्यांपासून केलेली लस टोंचून तिला वांचविलें, असें ठरलें. तिची स्वतंत्र मालिका १९७८ पासून १९८३ पर्यंत ५० अंक चालली.

मालिका संपली, तरी नांव रिकामें राहिलें नाहीं. १९८४ सालीं ‘सीक्रेट वॉर्स’च्या ७ व्या अंकांत जूलिया कार्पेंटर काळ्या-पांढऱ्या वेषांत आली. एकटीनें मुलगी वाढविणारी ही माता होती. १९९९ मध्यें मॅटी फ्रँकलिन या किशोरवयीन मुलीनें तेंच नांव धारण केलें. वेष, सामर्थ्य आणि वय बदलत गेलें; नांव तेवढें तेंच राहिलें.

यांपैकीं सर्वांत विलक्षण रूप ग्वेन स्टेसीचें. ती स्पायडर-मॅनची प्रेयसी. १९७३ सालच्या कथेंत तिचा मृत्यु झाला, आणि पुढें कित्येक वर्षें तिची आठवण नायकाचें दुःख म्हणूनच उरली. २०१४ सालीं जेसन लातूर व रॉबी रॉड्रिग्ज यांनीं एक निराळें जग कल्पिलें. त्या जगांत कोळी चावतो तो ग्वेनला, आणि मरतो तो पीटर पार्कर. जिचा मृत्यु दुसऱ्याच्या कथेचें निमित्त झाला होता, तिला अशा रीतीनें स्वतःची कथा मिळाली. आणि वांचवूं न शकल्याचा शोकही आतां तिच्याच वांट्यास आला.

जेसिका ड्रू मात्र विस्मृतींत गेली नाहीं. डेनिस होपलेस यांनीं लिहिलेल्या मालिकेंत २०१६ सालीं ती एका मुलाची आई झाली. बाळंतपणानंतर कामावर परतावें तर तान्ह्या बाळाला कोणापाशीं ठेवावें, हा प्रश्न या बलाढ्य वीरांगनेलाही सुटला नाहीं. अखेरीस सन्मार्गाला लागलेला एक जुना गुन्हेगार त्याला सांभाळूं लागतो. केवळ हक्क राखण्यासाठीं जन्मास घातलेल्या नायिकेपुढें चाळीस वर्षांनीं घराघरांतील आईचा प्रश्न उभा राहिला, आणि त्यांतच तिला खरें आयुष्य लाभलें.